फ्रीव्हीलला लागलेल्या मुंग्या

एवारिस्ता दोन घटका खुर्चीत टेकलेली आमच्या वस्तीत कोणी पाहिली असेल, तर त्यानं पुढे येऊन सांगावं. जेवायची ती उभ्यानं, कॉफी प्यायची फेऱ्या मारत, आणि कधी डोमिनो खेळायला बसवलीच, तर टेबलाखाली गुडघा असा हलवत राहायची की मांडलेल्या सोंगट्या सरकायच्या. शेवटी तिला खेळायला बोलावणंच लोकांनी सोडून दिलं.

घराच्या ओसरीवर तिचं पंक्चरचं दुकान होतं. पाण्याचं एक घमेलं, हातपंप, आणि ट्रकच्या जुन्या पिस्टनपासून केलेली ठिगळं भाजायची भट्टी, एवढाच पसारा. बाईमाणूस पंक्चर काढतंय म्हणून सुरुवातीला पुरुष फिदीफिदी हसले. मग देशातलं पेट्रोल आटलं, बसगाड्या जागच्या जागी गंजल्या, आणि झाडून सगळे त्या जड, काळ्या चिनी सायकलींवर आले. हसणारे एकजात तिच्या ओसरीपुढे रांगेत उभे. "हसा की आता," ती म्हणायची, "दात दाखवून हवा भरते का बघू."

तर त्या मंगळवारी दुपारी तिचा नवरा लाऊदेलिनो साखर कारखान्यातली पाळी संपवून आला, तो सायकल हातात धरून, पायी. गडी मुळातच कमी बोलणारा. उसाचा हंगाम सुरू झाला की पाकाच्या कढयांपाशी उभं राहून राहून त्याच्या तोंडून 'हं' आणि 'बरं' याखेरीज काही निघत नसे.

"काय झालं?" एवारिस्तानं हातातली ट्यूब घमेल्यात टाकली.

"पायडल फिरतंय. चाक फिरत नाही."

"चेन पडली?"

"चेन जागेवर आहे."

तिनं सायकल उलटी केली आणि पायडलला हात दिला. पायडल गरगर फिरलं, चेन पळाली, मागची चकती, म्हणजे फ्रीव्हील, फिरली, आणि चाक आपलं ढिम्म. उलटं फिरवून पाहिलं, तरी तेच. धड फ्रीव्हील उलटं फिरवलं की टिकटिक बोलतं. हे मुकं होतं.

"कुत्रे निजलेत," ती म्हणाली.

फ्रीव्हीलच्या पोटात पोलादाचे दोन बारके दात असतात, त्यांना कारागीर कुत्रे म्हणतात. केसाएवढ्या स्प्रिंगच्या जोरावर ते उभे राहतात, आणि पायडल मारलं की कड्याला असे चावून धरतात की चाक ओढलंच जातं. आत घाण साचली की ते आडवे पडून राहतात. मग तुम्ही पायडल मारा नाहीतर डोकं आपटा, सायकल पुढे जायची नाही.

"गुरुवारपर्यंत होईल ना?" लाऊदेलिनोनं विचारलं.

झालं! एवारिस्ताचा हात पायडलवर तसाच थांबला. पंधरा दिवस साबण मिळाला नाही तरी ज्यानं 'कधी मिळेल' म्हणून विचारलं नाही, तो माणूस फ्रीव्हीलसाठी वार ठरवून विचारतोय.

"गुरुवारी काय आहे?"

"मासे आणायला जायचंय. कायबारिएनला."

"मासे!"

"हं," म्हणून तो आत गेला.

गुरुवार हा त्याच्या सुट्टीचा दिवस. गेले कित्येक महिने तो दर गुरुवारी सकाळी सायकल काढून किनाऱ्याला जायचा आणि उन्हं कलल्यावर परत यायचा. आणायचा काय, तर हाताच्या बोटांएवढे चार मासे, तेही कधी कधी कालचे. चार माशांना अख्खा दिवस लागतो का? एवारिस्ता मूर्ख नव्हती. पण विचारायची हिंमत तिला होत नव्हती, आणि हिंमत होत नाही याचाच तिला स्वतःवर राग येत होता.

शेजारची फेफा कुंपणावर कोपरं टेकून उभीच होती. या बाईला स्वतःच्या घरात काय शिजतंय ते ठाऊक नसेल, पण दुसऱ्याच्या चुलीवरचा वास तिला आधी येतो.

"काय गं एवा, नवऱ्याची सायकल बसली वाटतं?"

"बसली तर उठवीन. तुझं काय जातंय?"

"माझं कसलं जातंय बयो! गुरुवार जाईल बिचाऱ्याचा." फेफानं ओठ मुरडले. "मासे वाट बघत असतील ना त्याची."

"फेफे, एक दिवस तुझ्या जिभेला मी ठिगळ मारणार आहे. गरम गरम."

फेफा हसत आत गेली. म्हणजे हिला काहीतरी माहीत आहे. हिला माहीत म्हणजे वस्तीला माहीत. कोण असेल ती? कायबारिएनमधली कोणी विधवा? मासे साफ करणाऱ्या बायका असतात धक्क्यावर, त्यांतली कोणी? एवारिस्ताला एकदम हसू आलं आणि लगेच रडू आलं. लाऊदेलिनो, हा ठोंब्या, याला दुसरी बाई!

पण तिला भीती होती ती बाईची नव्हती, एकटं पडण्याची होती. आधीच एक माणूस घरातून गेलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात समुद्रापलीकडच्या देशात पळणाऱ्यांना किनाऱ्यावर अडवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा जो तो फळ्या, पिंपं, ट्यूबा बांधून समुद्रात उतरत होता. एवारिस्ताची मुलगी इदाल्मिस आणि तिचा नवरा ओरेस्तेस, दोघांनी ट्रकच्या ट्यूबा जमवल्या आणि आईकडेच आणल्या, कारण तिच्याइतकं पक्कं ठिगळ अख्ख्या जिल्ह्यात कोणी लावत नव्हतं. लपवाछपवी केली नाही. "आई, आम्ही चाललोय," म्हणून सांगितलं. कधी न बसणाऱ्या एवारिस्तानं दिवसभर बसून एकेक भोक बुजवलं, घमेल्यात बुडवून पाहिलं. आणि दुसऱ्या सकाळी ती दोघं उठायच्या आत जुन्या टायरच्या चपला कापायच्या सुरीनं सगळ्या ट्यूबा उभ्या फाडून टाकल्या.

इदाल्मिस आरडाओरडा करील असं तिला वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही. फाटलेलं रबर हातात घेऊन म्हणाली, "माझ्या दारात कधी पाऊल ठेवू नकोस." आणि निघून गेली, कायबारिएनला, ओरेस्तेसच्या आत्याकडे. पुढे तीन आठवड्यांनी ओरेस्तेस कुणाच्या तरी तराफ्यावर एकटाच गेला आणि धडधाकट पोचलासुद्धा. इदाल्मिसला तेव्हा दिवस गेले होते, तिला कोणी घेईना. तिला मुलगी झाली हे एवारिस्ताला कळलं, ते दुकानावर हवा भरायला आलेल्या माणसाकडून. त्या माणसाच्या चाकात तिनं इतकी हवा भरली की ट्यूब फुटली.

त्यानंतर घरात उरला लाऊदेलिनो. त्या दिवशीही तो 'हं'च म्हणाला होता. आता तोही गेला तर?

संध्याकाळपर्यंत ती फ्रीव्हीलशी झटत राहिली. दिव्यासाठी ठेवलेलं रॉकेल, जे बाटलीच्या तळाशी औषधापुरतं उरलं होतं, ते तिनं चकतीच्या फटीत ओतलं, चाक फिरवलं, लाकडानं ठोकलं. दिवे गेले तर जाऊ देत चुलीत. ग्रीस सुकून घट्ट झालं असलं की रॉकेलनं ते सुटतं, कुत्रे उठतात, टिकटिक सुरू होते, हे तिच्या हाताखालून शंभरदा गेलेलं. पण हे काही सुटेना. रॉकेल आत गेलं तसं खालून काळं होऊन गळलं. फ्रीव्हील मुकं ते मुकंच.

"होतंय का?" लाऊदेलिनोनं दारातून विचारलं.

"होईल तेव्हा होईल! मासे काही समुद्र सोडून पळून जात नाहीत!"

बुधवारी सकाळी तो पाळीला चालत गेला. एवारिस्ता कॉफीचा पेला घेऊन ओसरीवर आली आणि जागीच थबकली. भिंतीच्या फटीतून निघून, खांबावरून उतरून, फरशी ओलांडून मुंग्यांची एक रांग थेट सायकलीच्या मागच्या चाकात शिरत होती. तारांवरून चढत होती, हबवर पोचत होती आणि फ्रीव्हीलच्या फटीत गडप होत होती.

"अगोबाई," ती स्वतःशीच म्हणाली. "रॉकेलला मुंग्या लागतात होय कधी?"

तिनं चाक काढलं. फ्रीव्हील उघडायला तिला आवडत नसे, कारण आतल्या स्प्रिंगा एकदा उडाल्या की गेल्या, आणि नवीन फ्रीव्हील त्या वर्षी अख्ख्या प्रांतात देवाला मागूनही मिळत नव्हतं. पण आता थांबणं तिच्याच्यानं होईना. छिन्नी आणि हातोडी घेऊन तिनं वरची चकती उलट्या आट्यांवर फिरवून सोडवली. मोहरीएवढे छर्रे बाहेर सांडायला हवे होते. ते सांडलेच नाहीत. सगळे तांबूस-काळ्या चिकट लगद्यात रुतून बसले होते, आणि दोन्ही कुत्रे त्यातच चिकटून आडवे झाले होते. तिनं करंगळी लावली आणि जिभेवर ठेवली.

काकवी. कारखान्याच्या कढईतली, घट्ट, ताजी काकवी.

आता हे कळायला एवारिस्ताला पंडित लागत नव्हता. आमच्याकडे कारखान्यातून कोणी काही चोरत नाही, जमवतात. साखर जमवतात, दारू जमवतात, खिळे जमवतात. लाऊदेलिनो काकवी जमवत होता, बुधल्यात भरून मागच्या कॅरियरला बांधत होता, बुधल्याचं बूच गळत होतं आणि थेंब थेंब खाली फ्रीव्हीलवर पडत होता. रॉकेलनं साखर विरघळते होय? ती तासन्‌तास रॉकेलनं झटत बसली होती तिथं ऊन पाण्याची गरज होती.

पण घरात तर त्यानं एक थेंब आणला नव्हता. महिनोन्‌महिने ही दोघं कॉफीत साखर मोजून घालत होती, आणि हा बुधलेच्या बुधले भरून त्या सटवीला नेऊन देत होता!

तो दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. दोनदा कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. एका गिऱ्हाइकाचं पुढचं चाक काढून मागचं ठीक असल्याचं सांगितलं. युकाचे कंद उकडायला ठेवले आणि विसरली, ते भांड्याला लागले. फेफा कुंपणावरून म्हणाली, "काय गं, करपलं का काय?" तर एवारिस्तानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. फेफा मुकाट्यानं आत गेली.

लाऊदेलिनो दुपारी आला. ओसरीवर फळकुटावर फ्रीव्हीलचे तुकडे मांडलेले, आणि त्यांच्याभोवती मुंग्या. तो पायरीवरच उभा राहिला.

"गुळाला मुंगळे लागतात, तसं झालंय बघ," एवारिस्ता म्हणाली. "कोण आहे ती?"

त्यानं चपला काढून पायरीशी ठेवल्या.

"मेल्या, बोल! तीस वर्षं तुझं 'हं' ऐकलं मी. आज मला नाव पाहिजे. तिचं नाव काय?"

लाऊदेलिनोनं टोपी काढली, घाम पुसला, आणि म्हणाला, "इदाल्मिस."

एवारिस्तानं खांब धरला.

"काकवीत नारळ घालून वड्या करते ती," तो म्हणाला. इतकं एका दमात तो वर्षभरात बोलला नव्हता. "धक्क्यावर विकते. त्यावर दोघींचं चालतं. माझ्याशिवाय काकवी कोण देणार तिला?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तिनं शपथ घातली होती."

"फेफाला माहीत आहे?"

त्यानं कुंपणाकडे पाहिलं. म्हणजे फेफाला माहीत होतं, फाटकावरच्या पहारेकऱ्याला माहीत होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसा एकट्या एवारिस्तानं घातला होता.

"दुसरी बाई असती तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. आता मी कुणाच्या उपटू?"

तो आत जाऊन पलंगावर पडला. एवारिस्ता ओसरीवर फ्रीव्हीलपुढे उकिडवी बसली. चुलीवरचं ऊन पाणी आणून तिनं लगदा धुतला. पाणी लागताच साखर सुटली, छर्रे खळखळ मोकळे झाले, कुत्रे चमकायला लागले. राहिल्या दोन स्प्रिंगा. तिनं एक चिमटीत धरली. इतकी बारीक, की हात झटकला तर नाल्यात जाईल आणि कुणाच्या बापाला सापडणार नाही. मग फ्रीव्हील कायमचं गेलं. सायकल गेली. गुरुवार गेले. नवरा घरी राहील. आणि ती तिकडे बसेल काकवीवाचून, मग येईल झक मारत आईच्या दारात.

हो, हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला मुक्काम ठोकून राहिला. फाडण्या-मोडण्यात तिचा हात कधी अडला नव्हता. पण या वेळी अडला. लाऊदेलिनो चालत जाईल हे तिला दिसत होतं. बुधला खांद्यावर घेऊन, त्या उन्हात, पंधरा किलोमीटर जाईल, पंधरा येईल, आणि तिला एक शब्द बोलणार नाही. इदाल्मिसही येणार नाही, कारण ती एवारिस्ताचीच पोर होती. उपाशी मरेल पण यायची नाही.

तिनं स्प्रिंग खाचेत बसवली. दुसरीही बसवली. छर्रे रचले, चकती आवळली, मशीनच्या तेलाचा थेंब सोडला आणि फिरवून पाहिलं. टिक टिक टिक टिक. आतून पलंग करकरला.

"झालं?" लाऊदेलिनोनं विचारलं.

"झालं. उद्या मी मागे बसणार आहे."

"एवा, ती—"

"ती काय करायचं ते करील. बुधला मी मांडीवर धरीन. बूच बसवायची अक्कल नाही तुला."

गुरुवारी ती कॅरियरवर एका अंगाला पाय सोडून बसली. सगळी वाट तिची चुळबुळ. "हळू चालव," म्हणे, आणि लगेच, "काय मुंगीच्या पावलानं चाललायस!" रेमेदिओस गावाच्या पुढे एकदा तिनं त्याला थांबवलं, खाली उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि काही न बोलता परत बसली. काय बोलायचं ते तिनं मनात ठरवलं होतं. नातीला एकदा डोळे भरून पाहू दे, दुसरं काही नको. एवढंच सांगायचं, हळू आवाजात सांगायचं.

कायबारिएनमधलं ते घर धक्क्यामागच्या गल्लीत होतं. दार उघडं होतं आणि आतून भाजलेल्या नारळाचा वास येत होता. इदाल्मिस फडक्याला हात पुसत बाहेर आली, बापाला पाहून हसली, आणि मग तिची नजर मागे गेली. ती वाळली होती. एवारिस्ताला वाटलं होतं त्याहून कितीतरी वाळली होती.

"हिला कशाला आणलंस, बाबा?"

"सायकल हिनंच नीट केली," लाऊदेलिनो म्हणाला.

एवारिस्तानं तोंड उघडलं, आणि ठरवलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं. "माफी मागायला नाही आले मी," ती म्हणाली. "माझ्या हातानं ठिगळं लावून तुला बुडायला पाठवायचं? पुन्हा वेळ आली तर पुन्हा फाडीन."

"माहीत आहे मला," इदाल्मिस शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तुला दारात घेत नाही. तो तिकडे एकटा, मी इकडे एकटी. पोर फोटोला बाबा म्हणते."

"जिवंत आहेस ना पण!"

"आहे ना जिवंत. त्याचं ऋण आणखी किती दिवस फेडू, तेवढं सांग."

तेवढ्यात इदाल्मिसच्या पायांमागून एक चिमुरडी डोकावली. कुरळे केस, गालाला वडीचा चुरा लागलेला.

"ही कोण?" पोरीनं विचारलं.

लाऊदेलिनो काहीतरी म्हणणार होता. त्याच्या आधी इदाल्मिस बोलली.

"आजोबांची सायकल दुरुस्त करते ना, ती बाई."

कुणी थोबाडीत मारली असती तरी एवारिस्ताला एवढं लागलं नसतं. तिचे पाय वळलेसुद्धा. पण पोर दोन पावलं पुढे आली आणि तिच्या हातांकडे टक लावून पाहायला लागली.

"हात काळे का?"

"तेलानं," एवारिस्ता म्हणाली. "सायकलीच्या तेलानं."

"धुतले तर जातं?"

"नाही गं बाळा. नाही जात." आणि मग तिचा बांध फुटला. भर रस्त्यात, लोक येत-जात असताना, तोंडावर तेच काळे हात घेऊन ती हुंदके द्यायला लागली. लाऊदेलिनो सायकल धरून नुसता उभा.

इदाल्मिसनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. बापाकडून बुधला घेतला. जाता जाता उंबऱ्यावर थांबली, पण मागे वळून पाहिलं नाही.

"आत ये म्हणत नाही मी," ती म्हणाली. "पण उन्हात उभी राहू नकोस."

एवारिस्ता वळचणीला सरकली. इदाल्मिस आत गेली. दार तिनं लावून घेतलं नाही.